आधी तुमच्या ‘ता. क.’बद्दल

आदरणीय बाई,

देवगड तालुक्यातल्या एका गावातून लिहिते आहे. वय ४१. आमची हापूसची साठेक कलमं आहेत. बाग यजमान बघतात. घर, सासूबाई आणि हंगामात पेट्यांचा हिशेब माझ्याकडे. गावच्या वाचनालयात आम्हा बायकांचा वाचक गट आहे, चौदा जणींचा. जूनमध्ये आम्ही एक पुस्तक घेतलं. आपलं मन आपणच नव्याने ‘प्रोग्रॅम’ कसं करायचं, त्यावरचं. परवाच्या रविवारी एकेकीने अनुभव सांगायला सुरुवात केली. होमस्टे चालवणारी म्हणाली, आरशावर ‘मी यशस्वी उद्योजिका’ अशी चिठ्ठी लावली आणि बुकिंग वाढलं. अंगणवाडीतली म्हणाली, मुलांवर ओरडणं बंद झालं. राग आला की आधी पदर खोचायचा, घोटभर पाणी प्यायचं, मग तोंड उघडायचं, असं तिने ठरवलंय. निवृत्त मुख्याध्यापिका म्हणाल्या, यात नवीन काही नाही, आपल्याकडे सगळं आधीच सांगून ठेवलंय. (त्यांनी तीस पानांपुढे वाचलेलं नाही, पुस्तक माझ्याकडूनच गेलं होतं.) सात-आठ जणींनी आयुष्य बदललं असं सांगितलं. माझी पाळी आली तेव्हा मी चहा बघते म्हणून उठले.

कारण मी पुस्तकात सांगितल्याप्रमाणे एकवीस दिवस रोज सकाळी आरशासमोर ‘मी निर्भय आहे, मी यशस्वी विक्रेती आहे’ असं म्हटलं. आम्हाला दलालाकडे माल न टाकता थेट गिऱ्हाइकांना पेट्या द्यायच्या आहेत. त्यासाठी फोन करावे लागतात. मी नंबर लावते आणि रिंग जायच्या आत कट करते. दोन वर्षांपूर्वी मुलुंडच्या एक बाई साक्यावरून, म्हणजे आंबा आतून खराब निघाला म्हणून, फोनवर खूप बोलल्या, तेव्हापासून जास्तच. एकवीस दिवस झाले, फोन तसाच राहिला. उलट आता आरसा बघितला की रडू येतं. गटातली एक म्हणाली, ‘तुझा विश्वास कमी पडला असेल.’ सासूबाई म्हणतात, ‘मन काय रेडिओ आसा, कान पिळलो काय ठेसन बदलता?’ माझं मनच मुळात बिघडलेलं आहे का? पुस्तक खोटं की मी? आणि पुढच्या रविवारी गटात काय सांगू?

ता. क. पुस्तक सध्या धाकट्या भावजींकडे आहे. ते बोटीवर असतात. वर्षभर त्यांना निराशेवरच्या गोळ्या चालू होत्या, त्या त्यांनी पुस्तक वाचून दोन आठवड्यांपूर्वी बंद केल्या. ‘मन आपल्या हातात असताना गोळी कित्याक?’ म्हणतात. रात्री दोन-तीनपर्यंत ओटीवर बसलेले दिसतात. पण ते असो, त्याचं एवढं काही नाही.

— एक वाचक

*

प्रिय ताई,

ज्याचं ‘एवढं काही नाही’ असं तुम्ही लिहिलंत, तिथूनच सुरुवात करते. तुमचा आरसा, तुमचा फोन, तुमचा रविवार, सगळं आठवडाभर थांबलं तरी चालेल. भावजींचं थांबून चालणार नाही.

निराशेवरच्या गोळ्या एकाएकी सोडल्या की चक्कर येते, जीव घाबरा होतो, चिडचिड वाढते, झोप उडते. काहींना डोक्यातून विजेची कळ गेल्यासारखंही वाटतं. हे गोळी सुटल्याचे त्रास. शिवाय मूळचा आजार परत येत असेल, तर त्याचीही सुरुवात पुष्कळदा झोपेपासूनच होते. रात्री तीनला ओटीवर बसलेला माणूस या दोहोंपैकी कशामुळे जागा आहे, हे तुम्ही-आम्ही घरात बसून ओळखू शकत नाही. त्यासाठी गोळ्या लिहून देणाऱ्या डॉक्टरांनाच गाठायला हवं, आणि तेही याच आठवड्यात. उरलेली पट्टी काढून आपल्या मनाने पुन्हा पूर्वीइतकी गोळी सुरू करू नका. किती दिवस बंद आहे ते सांगा आणि डॉक्टर म्हणतील तसं करा. या गोळ्या कायमच्या असतात असंही नाही. पुष्कळांच्या बंद होतात, पण हळूहळू, डोस उतरवत, डॉक्टरांच्या नजरेखाली.

आपल्याकडे घरोघरी चालतं म्हणून एक सांगून ठेवते. गोळी चहात किंवा आमटीत विरघळवून गुपचूप देऊ नका. माझ्याकडे अशी घरं आली आहेत. ज्या दिवशी माणसाला कळतं, त्या दिवसापासून तो घरातल्या पेजेलासुद्धा हात लावत नाही. मग औषधही जातं आणि विश्वासही.

त्यांच्याशी बोलायचं कोणी? घरात ज्याचं ते ऐकतात त्याने. बहुतेक वेळा तो मोठा भाऊ नसतो, बोटीचा प्रमुख, म्हणजे तांडेल असतो किंवा आई असते. पुस्तकावर वाद घालू नका. ‘पुस्तक खुशाल वाच, पण ते लिहिणाऱ्याने तुका तपासूक नाय’ एवढं पुरे आहे. आणि एक प्रश्न सरळ विचारा: जगणं नकोसं वाटतं का, जीव द्यावा असं मनात येतं का? हा प्रश्न विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरत नाही. असलेला मात्र बाहेर येतो. उत्तर ‘हो’ असलं, किंवा ते गप्प राहिले आणि तुम्हाला ती शांतता बरी वाटली नाही, तर त्या रात्री त्यांना एकटं सोडू नका आणि सकाळची वाट न बघता मदत घ्या. फवारणीची औषधं पंपाच्या खोलीत उघडी असतात ना? तिला कुलूप लावा. ते आजच लावा, बोलणं व्हायच्या आधी.

‘टेलिमानस’ ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. नंबर १४४१६. दिवसरात्र, फुकट, मराठीतूनही बोलता येतं. घरच्यांनीही फोन करून विचारलं तरी चालतं, म्हणजे तुम्हीही. जिल्हा रुग्णालय ओरोसला आहे. ‘रत्नागिरीक धाडूक होयो’ हा आपल्याकडचा विनोद आहे, तिथल्या मनोरुग्णालयावरून. त्या विनोदापायी किती माणसं वेळेवर डॉक्टरकडे गेली नाहीत, कोणी मोजलेलं नाही. सासूबाईंना देवळात गाऱ्हाणं घालायचं असेल तर घालू द्या. गाऱ्हाणं आणि गोळी यांचं आपसात काही भांडण नाही.

घाई का, तेही सांगते. मासेमारीची बंदी ३१ जुलैला संपते. पहिल्या फेरीला जायची सगळ्यांनाच ओढ असते. न झोपलेला, गोळी तोडलेला माणूस रात्री जाळं ओढायला बोटीच्या कडेला उभा राहू नये. डॉक्टरांना ‘बोटीवर जातात’ हे आवर्जून सांगा. काही गोळ्यांनी झोप येते, डोस ठरवताना त्यांना ते माहीत असायला हवं.

आता तुमच्याकडे येते.

पुस्तकाचं नाव मी छापत नाही, कारण याच सुरातली पुस्तकं रेल्वे स्टेशनच्या स्टॉलवर ढिगाने आहेत आणि त्यांतलं बरंचसं आलटून पालटून तेच असतं. ते सगळं खोटं आहे असं मी म्हणणार नाही. मेंदू बदलतो, हे खरं आहे. लंडनमध्ये टॅक्सीचा परवाना हवा तर गावातले सुमारे २५ हजार रस्ते पाठ करावे लागतात, त्यात तीन-चार वर्षं जातात. २००० साली तिथल्या टॅक्सीवाल्यांच्या मेंदूचे फोटो काढले, तेव्हा जागा लक्षात ठेवणाऱ्या भागाचा मागचा हिस्सा इतरांपेक्षा मोठा निघाला. पुढे २०११ साली शिकाऊंचं शिक्षण सुरू व्हायच्या आधी आणि नंतर असे दोन वेळा फोटो काढले. जे परीक्षा पास झाले त्यांच्यात वाढ दिसली, नापास झालेल्यांत नाही. आपल्याकडचा जुना तांडेल देवळाचा कळस आणि मागचा डोंगर एका रेषेत धरून पाण्याखालचा खडक कुठे आहे ते सांगतो. त्याच्याही डोक्यात असंच काहीतरी झालेलं असणार. यात आरसा कुठे आला सांगा. सगळा बदल रस्त्यावर आणि पाण्यात, पायाला फोड येऊन झालेला आहे.

तुमचे एकवीस दिवस कुठून आले तेही ऐका. मॅक्सवेल माल्ट्झ नावाचा अमेरिकन प्लास्टिक सर्जन होता. ऑपरेशननंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला पेशंटला किमान एकवीस दिवस लागतात, असं त्याला दिसलं. १९६० साली त्याने ते लिहिलं. पुढच्यांनी ‘किमान’ गाळलं, ‘चेहरा’ही गाळला आणि एकवीस दिवसांत कुठलीही सवय लागते असं करून टाकलं. लंडनच्या विद्यापीठात ९६ जणांवर प्रत्यक्ष पाहणी झाली, ती २००९-१० मध्ये प्रसिद्ध झाली. जेवणाबरोबर फळ खाणं, पाण्याचा ग्लास पिणं, असल्या साध्या गोष्टी आपोआप व्हायला सरासरी ६६ दिवस लागले. कोणाला १८, कोणाला २५४. आणि एखादा दिवस चुकला म्हणून फारसं काही बिघडलं नाही. एकवीस दिवस संपल्यावर तुम्ही नापास झालात असं जे तुम्हाला वाटलं, ती परीक्षाच कोणी घेतलेली नव्हती.

तेही फळ खाण्याचं. तुमचं तर भीतीचं आहे, आणि त्यात आरशातली वाक्यं.

या वाक्यांची परंपरा जुनी. शंभर वर्षांपूर्वी फ्रान्समधल्या नान्सी गावचा एमिल कुए नावाचा औषधविक्रेता लोकांना एक वाक्य सकाळ-संध्याकाळ वीस वेळा म्हणायला सांगायचा: दिवसेंदिवस, सगळ्या बाबतींत, मी अधिकाधिक बरा होतो आहे. मोजायला वीस गाठींची दोरी. आपल्याला ओळखीचं वाटावं असंच. काहींना बरं वाटायचं, यात शंका नाही. पण कोणाला? २००९ साली कॅनडात जोअन वुड यांनी ते तपासलं. स्वतःबद्दल आधीच कमी मत असलेल्या माणसांना दर वेळी घंटा वाजली की ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ असं म्हणायला लावलं. त्यांना न म्हणणाऱ्यांपेक्षा वाईट वाटलं. ज्यांचं स्वतःबद्दल बरं मत होतं, त्यांना थोडं बरं वाटलं. म्हणजे ज्याला गरज नाही त्याला टॉनिक, आणि ज्याला गरज आहे त्याला जुलाब!

कारण कळायला अवघड नाही. तुम्ही ‘मी निर्भय आहे’ म्हणता तेव्हा आतून कोणीतरी लगेच ‘मग परवा फोन का ठेवलास?’ विचारतं. दुसऱ्या दिवशी तेच. एकवीस दिवस रोज सकाळी, चहाच्या आधी, तुम्ही स्वतःची उलटतपासणी करून घेतलीत. रडू येणारच. तुमचं मन बिघडलेलं असतं तर त्याने ते खोटं वाक्य निमूट गिळलं असतं.

‘तुझा विश्वास कमी पडला’ म्हणणाऱ्या बाईंवर मात्र माझा राग आहे. म्हणजे बाईंवर नाही, त्या वाक्यावर. कौल उजवा पडला तर पुस्तकाचा मान, डावा पडला तर तुमचा दोष. असं ठरवून घेतल्यावर पुस्तक कधी चुकणारच नाही. आपल्या देवाला तरी डाव्या कौलावर पुन्हा गाऱ्हाणं घालून विचारता येतं.

तुमच्या गटातल्या अनुभवांकडे जरा जवळून बघू या. होमस्टेवालीचं बुकिंग वाढलं. दिवाळीच्या सुट्टीची बुकिंगं हळूहळू याच दिवसांत येऊ लागतात. चिठ्ठी मुख्याध्यापिकांच्या आरशावर लावली असती तरी ती आलीच असती. पण चिठ्ठीकडे बघून ती आलेल्या मेसेजला त्याच दिवशी उत्तर देऊ लागली असेल, तर चिठ्ठीला थोडं श्रेय द्यायला माझी हरकत नाही. मुख्याध्यापिकांचं म्हणणं खोटं नाही. मनाशी बोलायची रीत आपल्या भाषेला जुनी आहे. पण ‘सगळं आधीच सांगितलंय’ हे वाक्य बहुतेक वेळा पुस्तक मिटायला वापरतात. दोन्ही पुस्तकं, नवं आणि जुनं.

बाकीच्या सात-आठ जणी? बोलल्या कोण, ते बघा. ज्यांचं काही झालं नाही त्या चहा बघायला उठतात, त्या दिवशी पाऊस फार होता म्हणून येत नाहीत, किंवा सगळ्याच हो म्हणतायत तर आपणही म्हणावं, म्हणून हो म्हणतात. तुमच्यासारख्या आणखी दोघी-तिघी त्या खोलीत असणार. अर्थात माझंही चित्र एकांगी आहे. माझ्याकडे पुस्तक घेऊन येतात ते न जमलेलेच. जमलेल्याने माझ्याकडे कशाला यावं?

त्या सगळ्यांत मला जी खरी वाटते ती अंगणवाडीतली. तुम्ही तिचं एका ओळीत लिहून पुढे गेलात, पण तिने केलंय काय? ‘मी शांत आहे’ असं ती म्हणत बसली नाही. राग आला, की पदर खोचायचा. मग पाणी. मग बोलणं. कधी आणि काय, दोन्ही आधीच ठरलेलं, आणि तेही हाताला. पीटर गोलविट्झर नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने याच ‘जर अमुक झालं, तर मी तमुक करीन’ पद्धतीवर वर्षानुवर्षं काम केलं. २००६ साली त्याने आणि एका सहकाऱ्याने अशा ९४ अभ्यासांची एकत्र मोजदाद केली, तेव्हा नुसतं ‘मी करीन’ म्हणणाऱ्यांपेक्षा जर-तर ठरवणारे बरेच पुढे निघाले. अंगणवाडीच्या बाईंनी ते पुस्तकातून घेतलं की स्वतःच शोधलं, मला ठाऊक नाही. विचारा त्यांना. मला वाटतं, पदर त्यांचा स्वतःचा आहे.

मला हा ‘प्रोग्रॅम’ शब्दच मानवत नाही. जुनं पुसलं, नवं टाकलं, चालू. भीतीचं असं होत नाही. भीती कमी झाली तरी पुसली जात नाही. तिच्या शेजारी नवं काहीतरी उगवतं आणि ते जोर धरतं. जागा बदलली, माणूस बदललं, फार दिवस मध्ये गेले, की जुनी डोकावते. तुमच्या घरात साठ कलमं आहेत, म्हणून तुम्हाला हे मी बागेच्या भाषेत सांगू शकते.

माझं आजोळ वेंगुर्ल्याचं. मामा पावसाळ्यात कोय कलमं बांधायचे. जूनमध्ये रायवळच्या, म्हणजे गावठी आंब्याच्या, कोयी वाफ्यात टाकलेल्या. त्या रुजून वर आल्या की पानं तांबडीलाल, बोटांनी धरली तर ओलसर मऊ. त्याच वयात ते रोप उपटायचं, कोय खाली लोंबत असते, आणि वरून चार बोटं ठेवून छाटायचं. मधोमध चीर. हापूसच्या काडीला दोन्ही बाजूंनी तासून पाचर करायची, चिरेत बसवायची, प्लॅस्टिकच्या पट्टीने आवळून बांधायची. मग पिशवीत लावून सावलीत. मामा बोलायचे नाहीत बांधताना. आम्ही पोरं ओळीने बसून पिशव्या भरायचो.

आमचं खरं काम नंतर असायचं. वरची काडी डोळा फोडायच्या बेतात असते, तेवढ्यात बांधलेल्या जागेच्या खालून, रायवळच्या खुंटातून, फुटवा येतो. तो फार जोमात येतो. हापूसपेक्षा लवकर आणि जास्त हिरवा. तो ठेवला तर सगळा रस तोच घेतो आणि वरची काडी सुकते. म्हणून दर दोन-चार दिवसांनी सगळ्या पिशव्या बघत जायचं आणि खालचे फुटवे नखाने खुडायचे. मी एकदा मामांना विचारलं होतं, मुळंच का नाही बदलत, हापूसचीच का नाही लावत? ते म्हणाले, ‘मूळ रायवळचाच होया. त्याच्याच जोरार उभा ऱ्हवतला.’

तुम्ही घाबरट आहात त्यातला बराचसा भाग, ताई, हिशेबाला पक्की आणि गिऱ्हाइकाच्या शब्दाला जपणारी बाई म्हणजे जे असतं तेच आहे. मुलुंडच्या बाई ओरडल्या ते तुम्हाला लागलं, कारण खराब फळ गेल्याचं तुम्हाला वाईट वाटलं होतं. वाईट न वाटणाऱ्याला फोनची भीती कशाला वाटेल? ते मूळ उपटायचं नाही. आणि मुलुंडचा विषय निघालाच आहे तर: पत्रभर तुम्ही ‘माझं मन, माझं मन’ लिहिलंत, आणि भीती कुठून आली ते मात्र एका ओळीत, जाता जाता. साका फळ कापल्याशिवाय कळत नाही. बाहेरून देठापासून टोकापर्यंत देखणं, आत पांढरट स्पंजासारखं. उन्हाचा ताप, फळ कधी उतरवलं, उतरवल्यावर सावलीत ठेवलं की तापल्या कातळावर, अशा कितीतरी गोष्टींवर ते जातं. तुम्ही पेटीत डोळे मिटून फळं भरलेली नव्हती. एका फोनवर तुम्हाला झोडपलं, तुमच्याजवळ त्या क्षणी उत्तर नव्हतं, आणि तुमच्या हाताने शिकून घेतलं की फोन म्हणजे झोडपणं. तो हात काही चुकलेला नाही. त्याला एकच फोन माहीत आहे. त्याला आणखी वीस-पंचवीस फोन माहीत करून द्यायचे आहेत.

आरसा झाका. पुढचा आंबा एप्रिलमध्ये. अजून आठ-नऊ महिने आहेत आणि तेवढ्यात हे होण्यासारखं आहे. आतापर्यंत ज्यांना पेट्या गेल्या त्यांची नावं वहीत लिहा. सोपं माणूस वर, अवघड खाली. पहिले दोन-चार फोन विकायचे नाहीतच. चाकरमानी नणंद, तिची शेजारीण, यजमानांचा गिरगावातला मावसभाऊ: ‘यंदाची फळं कशी निघाली? पुढच्या वर्षी सांगते वेळेवर.’ संपलं. पहिलं वाक्य कागदावर मोठ्या अक्षरात लिहून समोर ठेवा आणि वाचून दाखवा, फोनवर कोणाला दिसत नाही. वेळ एकच ठेवा, म्हणजे आज करू की उद्या करू हा खेळ बंद. माझं मत विचाराल तर सकाळी अकरा, जेवण चुलीवर असतं आणि सासूबाई देवघरात. दिवसाला एक. हात थरथरला तर थरथरू द्या. भीती गेली की फोन करीन असं ठरवलंत तर एप्रिल उलटेल. रिंग वाजत असताना ती चढते, बोलता बोलता थोडी उतरते, आणि ती उतरताना तुम्ही फोनवर असणं गरजेचं आहे. आजवर दर वेळी तुम्ही ती चढत असताना फोन ठेवलात. मग उतरते हे तुम्हाला कळणार कसं?

वहीत पेट्या मोजू नका, फोन मोजा.

अंगणवाडीवालीचा पदर इथे उसना घ्या. जर समोरचं माणूस म्हणालं ‘महाग आहे’, तर: ‘हो, देवगडचा आहे, एक डझनाचा बॉक्स बघा आधी.’ जर म्हणालं ‘मग कळवतो’, तर: ‘बरं, पंधरा दिवसांनी मीच फोन करते.’ जर म्हणालं ‘गेल्या वर्षी साका निघाला’, तर: ‘किती फळांत निघाला तेवढं सांगा, पुढच्या पेटीत तेवढी फळं जास्त घालते.’ हे शेवटचं यजमानांशी आधी बोलून ठरवा, दर पेटीमागे किती फळांपर्यंत झेपेल ते. ही तीन वाक्यं फोनच्या मागच्या भिंतीवर चिकटवली तर तीच तुमची चिठ्ठी. त्यात ‘मी’ कोण आहे याचा उल्लेख नाही.

मध्येच एखाद्या दिवशी परत कट कराल. गणपतीत चार पाहुणे असतील, फोन राहतील, आणि नंतर पहिल्यासारखंच वाटेल. खालचा फुटवा आला म्हणायचं आणि खुडायचा. आणि फोनपुरतं नसेल, बाजारात, एसटीत, लग्नघरातही असं होत असेल, तर तेही लिहा मला. मग हे वहीवर भागणारं काम नाही, समोर बसून करायचं आहे.

रविवारी गटात काय सांगायचं? झालं ते. ‘एकवीस दिवस केलं, मला आणखी वाईट वाटलं, मी थांबवलं.’ तीन वाक्यं. पुस्तकाची बाजू घेऊ नका, त्याला शिव्याही देऊ नका. मग चहाला उठायच्या बेतात असलेल्या एखादीकडे बघा. भावजींचं मात्र गटात अजिबात काढू नका. त्यांच्या गोळ्यांची बातमी वाचनालयातून बंदरावर पोचायला अर्धा तास लागणार नाही. पुस्तक कुठे आहे विचारलं तर घरी आहे म्हणा आणि दंड भरा.

सासूबाईंचं वाक्य मी त्यांना न विचारता छापलं आहे, रागावल्या तर माझं नाव सांगा.

आणि त्या यादीत मुलुंडच्या बाईंचा नंबरही लिहा. सगळ्यांत खाली. खोडू नका.